मतदान केंद्रावरची शिस्त कुणाची? कामगारांची!



निवडणूक आली की दोन तऱ्हेचे उपदेशक आपल्या चाळीच्या दारात येऊन उभे राहतात. पहिला कडक इस्त्रीतला. तो नाकाला रुमाल लावून सांगतो, "मतदानाच्या दिवशी शांतता राखा बरं का! तुम्हा लोकांची गर्दी झाली की गोंधळ होतो." दुसरा आपल्यातलाच असल्याचे सोंग आणतो. तो मांडीवर थाप मारून सांगतो, "नियम-बियम सगळे मालकांनी केलेत. दहा पोरं घ्या, केंद्राच्या दारात बसा आणि दाखवा त्यांना इंगा!" पहिला आपल्याला गुंड समजतो. दुसरा आपल्याला गुंड बनवू पाहतो. आम्ही दोघांनाही एकच सांगतो: चालते व्हा!

मतदान केंद्रावरची शिस्त ही पोलिसांची मेहेरबानी नव्हे आणि मालकांची गुलामीही नव्हे. ती कामगाराची ढाल आहे. ज्याच्या हातात पैसा आहे, नोकरी देण्या-काढण्याची सत्ता आहे, त्याला गुप्त मतदानाची गरजच काय? तो चव्हाट्यावर उभा राहून मत देईल, त्याचे कोण वाकडे करणार? पडद्याची गरज तुम्हाला-आम्हाला आहे. ज्याला उद्या सकाळी त्याच मुकादमासमोर हजेरी द्यायची आहे, त्याला आहे. म्हणून केंद्रावरचा प्रत्येक नियम समजून घ्या, तोंडपाठ करा आणि तो मोडायला येणाऱ्याला, मग तो कुठल्याही रंगाचा झेंडा घेऊन येवो, जागच्या जागी अडवा.

हे नियम मागितले कुणी?

"नियम मालकांनी केले" म्हणणाऱ्याला इतिहास ठाऊक नाही. किंवा ठाऊक असून तो तुम्हाला बनवतो आहे.

ज्या मँचेस्टरच्या कापडाने आपल्या विणकराचा माग बंद पाडला, त्याच मँचेस्टरची गोष्ट ऐका. १६ ऑगस्ट १८१९ या दिवशी तिथल्या सेंट पीटर्स फील्ड मैदानावर सुमारे साठ हजार माणसे जमली. हातमागवाले, सूत कातणारे, त्यांच्या बायका, कडेवरची पोरे. मागणी काय? राज्यकारभारात आमचेही मत असू द्या. एवढे मोठे कापडाचे शहर, पण पार्लमेंटात त्याचा स्वतःचा एक प्रतिनिधी नव्हता! ही माणसे आली कशी? आधी माळावर कवायत करून, गावागावाच्या रांगा धरून, निःशस्त्र. आणि त्यांच्यावर घोडदळ सोडण्यात आले. पंधरावर माणसे मेली, शेकडो जखमी झाली. सत्ताधारी घाबरले ते कशाला? दंगा तर झालाच नव्हता. ते घाबरले रांगेला! विणकर रांगेत चालू शकतो, हे पाहूनच त्यांची झोप उडाली.

त्या काळी इंग्लंडात मत द्यायचे म्हणजे सर्वांसमोर उभे राहून नाव उच्चारायचे. कारकून ते वहीत टिपून घ्यायचा, आणि कुणी कुणाला मत दिले त्याच्या वह्या छापूनसुद्धा निघायच्या. १८६८ च्या निवडणुकीनंतर वेल्समध्ये जमीनदारांनी आपल्या मर्जीविरुद्ध मत देणाऱ्या कुळांना जमिनीवरून हुसकून लावले. त्याआधीच तिथल्या कामकऱ्यांनी १८३८ सालच्या आपल्या सनदेत, म्हणजे 'पीपल्स चार्टर'मध्ये, सहा मागण्यांत गुप्त मतदानाची मागणी घातली होती. ती मान्य व्हायला १८७२ साल उजाडले. चौतीस वर्षे लागली! आज आपण केंद्रात शिरतो आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन बटण दाबतो, तो पुठ्ठा असा मिळालेला आहे. तो कुणा शेठजीने दान दिलेला नाही.

आपल्या देशातही तसेच. इंग्रजी अमलात मत होते ते मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या अटीत बसणाऱ्याला. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली. शेवटी १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेठजीचे एक मत आणि साचेवाल्याचे एक मत अशी बरोबरी झाली. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस मालक वर आणि कामगार खाली. एकच दिवस असा, की दोघे एका रांगेत!

त्या एका दिवसाचे काय करता येते, हे गिरणगावाने दाखवून दिले आहे. १९५५ आणि १९५६ साली मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवर गोळ्या झाडल्या गेल्या. महाराष्ट्रभर शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. त्यांत गिरणी कामगार होते. १९५७ ची निवडणूक आली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर चिन्ह असे, आणि पेट्या पडद्याआड असत. गोळीचे उत्तर गिरणगावाने त्या पडद्याआड दिले. मुंबई शहर मध्य मतदारसंघातून कॉम्रेड डांगे लोकसभेवर गेले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. ज्यांना गोळीने गप्प बसवता आले नाही, त्यांना रांगेत उभे राहायला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

तो गिरणगाव आज तसा उरलेला नाही, हे आम्ही जाणतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर एकेक भोंगा थांबला, आणि गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले. पण कापड विणणारा हात संपला का? तो इचलकरंजीत आहे, भिवंडीत आहे, मालेगावात, सोलापुरात आहे. तो सूतगिरणीत बाबीन भरतो, यंत्रमागावर तुटलेला धागा जोडतो, वहिफणीवर उभा आहे. आणि कांडी भरणाऱ्या आमच्या बहिणी आहेत. पूर्वी एका फाटकातून हजारो माणसे निघत. आज आठ-दहा मागांच्या शेडमधून चार माणसे निघतात. चार माणसांवर नजर ठेवणे मालकाला किती सोपे! म्हणून पडद्याची गरज आज कमी झालेली नाही, वाढली आहे.

पैशाचा सौदा फसतो कुठे?

मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे फिरतात, हे सांगायला ज्योतिषी नको. देवाची शपथ घेतली जाते, भंडारा उचलायला लावतात. पण पाकीट वाटणाऱ्याच्या पोटात एक भीती असतेच: याने पैसे घेतले आणि मत दुसऱ्याला दिले तर? पडद्यामागे काय झाले, हे त्याला कळायचा मार्ग नाही. हीच गुप्त मतदानाची ताकद. माल पोचला की नाही ते बघता येत नसेल, तर कुठला व्यापारी आगाऊ पैसे देत राहील?

म्हणून पैसेवाल्याचा सारा डाव एकाच गोष्टीवर असतो: पडद्यात भोक पाडायचे! आज त्या भोकाचे नाव आहे मोबाइल. "बटण दाबताना फोटो काढून आण, मग उरलेले पैसे घेऊन जा." केंद्रात मोबाइल नेऊ देत नाहीत तेव्हा आपल्यातलेच काही कुरकुर करतात, "काय हा जाच!" अहो, जाच कसला? तो फोटो तुम्हाला काढता आला, तर तो मुकादमालाही मागता येईल. आज पैसे देऊन मागेल, उद्या नोकरीची धमकी देऊन मागेल. तुम्हाला फोटो काढताच येत नाही, हेच तुमचे संरक्षण आहे. २०२५ साली निवडणूक आयोगाने केंद्राबाहेर मोबाइल ठेवण्याची सोय करायला सांगितले. तिथे ठेवा. त्याहून बरे, घरीच ठेवा!

आणि एक लक्षात ठेवा. मतासाठी पैसे देणे हा जसा गुन्हा, तसा घेणे हाही गुन्हाच. भारतीय न्याय संहितेत त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. कुणाला मत दिलेस, हे सांगायची सक्ती तुमच्यावर कोर्टसुद्धा करू शकत नाही. मग मुकादम कोण लागून गेला?

दंगा कुणाच्या फायद्याचा?

आता त्या मांडी ठोकणाऱ्या वीराकडे वळू. तो म्हणतो, केंद्र ताब्यात घ्या. घ्या, आणि मग काय होते ते पाहा.

१९८९ साली कायद्यात केंद्र बळकावण्याचा गुन्हा घातला गेला. आज त्याला कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि दंड आहे. सरकारी नोकराने केले तर तीन ते पाच वर्षे. बळकावलेल्या केंद्रातली मतेही हातात राहत नाहीत. आयोग तिथले मतदान रद्द ठरवून फेरमतदान घेऊ शकतो, सारी निवडणूकच रद्द करू शकतो. १९९० साली हरियाणातल्या मेहमच्या पोटनिवडणुकीत केंद्रांवर जबरदस्ती झाली, फेरमतदान झाले, हिंसाचारात माणसे मेली, आणि शेवटी आयोगाने निवडणूकच रद्द केली. मेलेली माणसे कुणाची होती? पुढाऱ्यांची पोरे होती काय?

पण फेरमतदान दूर राहिले. साध्या धक्काबुक्कीने काय होते ते बघा. रांगेत आरडाओरड झाली की सर्वांत आधी म्हातारी माणसे घरी जातात. मग कडेवर मूल असलेली बाई जाते. मग दुसऱ्या पाळीला जायची घाई असलेला कामगार घड्याळ बघतो आणि निघतो. उरतो कोण? ज्याला दिवसभर काम नाही तो. म्हणजे गोंधळ घालणाऱ्याने एक दगडही न मारता आपल्या वस्तीची दोनशे मते घरी पाठवली! ज्याला माहीत आहे की ही वस्ती माझ्या विरुद्ध जाणार, त्यालाच तिथे गोंधळ हवा असतो. म्हणून रांगेत मोठ्याने शिव्या देणारा माणूस दिसला की आधी विचारा: याला पाठवलं कुणी?

मतदानाच्या दिवसाची आचारसंहिता

आता नियम ऐका. हे लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीचे नियम आहेत. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांचे नियम वेगळे छापलेले असतात.

१. सुट्टी हा हक्क आहे, भीक नव्हे. मतदानाच्या दिवशी कारखाना, दुकान, कुठल्याही धंद्यातल्या मतदार कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायची, असे कायदा १९९६ पासून सांगतो. रोजंदारीवाल्यालाही. "आज काम नाही तर दाम नाही" हे त्या दिवशी चालत नाही. सूट आहे ती फक्त ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल अशा कामापुरती. मालक "माझे नुकसान होईल" म्हणून सगळ्या खात्याला कामावर बोलावू लागला, तर युनियनतर्फे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आणि निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

२. यादीत नाव आधी बघा. खिशात ओळखपत्र आहे म्हणून मत मिळत नाही. यादीत नाव असेल तरच मिळते. खोली बदलली, गाव बदलले, तर नाव वेळेवर बदलून घ्या. यादीत नावाचे एखादे अक्षर चुकले, बापाच्या नावात काना-मात्रा राहिली, तर घाबरू नका. माणूस तोच आहे अशी खात्री पटली की छपाईच्या किरकोळ चुका सोडून द्यायच्या, असा नियमच आहे. तो केंद्राध्यक्षाला शांतपणे सांगा. घरी येणारी मतदार चिठ्ठी हे ओळखपत्र नव्हे. मतदार ओळखपत्र, किंवा आधार, फोटोचे बँक पासबुक असे चालणारे कागद घेऊनच निघा.

३. उमेदवाराच्या गाडीत पाय ठेवू नका. केंद्रावर फुकट नेणारी-आणणारी उमेदवाराची गाडी हा भ्रष्ट मार्ग ठरतो. चालत जा, नाहीतर पदरचे तिकीट काढून बसने जा. गाडीत बसलात की वाटेत कानमंत्र ऐकावा लागतो.

४. शंभर मीटरची रेघ ओलांडताना पक्ष बाहेर ठेवा. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत मत मागणे, "मत देऊ नको" म्हणणे, चिन्ह मिरवणे हा गुन्हा आहे. बिल्ला, टोपी, चिन्हाचे उपरणे काढून खिशात घाला. शंभर मीटर म्हणजे मिनिट-दीड मिनिटाची वाट. पाच वर्षांची घोषणा तेवढ्यापुरती आवरता येत नाही काय? कर्णा लावून किंवा ओरडून केंद्राचे काम बिघडवणाऱ्याला तर तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. हत्यार जवळ बाळगून तिकडे फिरकू नका. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. मतदान संपण्याच्या वेळेआधी अठ्ठेचाळीस तास सभा बंद, मिरवणूक बंद, दारूविक्री बंद.

५. रांगेत बायका, म्हातारे, अपंग आधी. बायकांची वेगळी रांग असते. कडेवरचे मूल आईबरोबर आत नेता येते, तशी नियमात सोय आहे. तेव्हा कांडीवाल्या बहिणींनो, "पोराला कुठे ठेवू" म्हणून घरी बसू नका. आंधळ्या किंवा हात न चालणाऱ्या मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती घेता येतो. पण एका सोबत्याने दिवसभरात एकाच मतदाराला सोबत करायची. सकाळपासून दहा म्हातारींचा हात धरणारा सेवाभावी तरुण दिसला, तर त्याची सेवा कुणाच्या पगारावर चालली आहे ते विचारा.

६. बोटाची शाई आतच लावून घ्या. पैसे देऊन कुणी बाहेरच बोटाला शाई लावू लागला, तर हात मागे घ्या. आधीच शाई असलेल्याला आत मत देता येत नाही. त्या नोटेने तुमचे मत विकत घेतले जात नाही, ते मारून टाकले जाते.

७. पडद्याआड एकटेच. तुम्ही आत असताना दुसऱ्या कुणीही तिथे यायचे नाही. पक्षाचा प्रतिनिधी नाही, आणि "दाखवतो, दाखवतो" म्हणणारा कर्मचारीही नाही. पण हा नियम तुमच्यावरही आहे. "बघा, तुम्हालाच दिलं!" म्हणून मत उघडे करून दाखवू नका. ताकीद देऊनही पद्धत पाळली नाही, तर मत देऊ दिले जात नाही. तुमच्या हिमतीची मर्दुमकी इथे नको. तुम्ही उघड केलेत की शेजारच्या घाबरट माणसालाही उघड करावे लागते. उमेदवारांपैकी कुणीच पसंत नसेल, तर २०१३ पासून 'नोटा'चे बटण आहे.

८. चिठ्ठी बघा. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात कागदी चिठ्ठी सात सेकंद दिसते. डोळे उघडे ठेवून बघा. चिन्ह भलतेच दिसले तर ओरडत बाहेर पळू नका. केंद्राध्यक्षाला सांगा. तो लेखी निवेदन घेतो आणि प्रतिनिधींसमोर चाचणी मत द्यायला लावतो. तक्रार खरी ठरली तर त्या यंत्रावरचे मतदान थांबते. खोटी ठरली तर शिक्षा आहे. तेव्हा ऐकीव गोष्टीवर तक्रार नको. स्वतः पाहिले असेल तरच, आणि मग मात्र मागे हटू नका.

तुम्हाला हुसकावले तर?

आपला माणूस इथेच फसतो. "तुमचं मत झालंय" असे कुणी म्हटले की तो खालमानेने घरी येतो. घरी येऊ नका! तुमच्या नावावर दुसऱ्याने मत दिले असेल, तर ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागा. ती तुम्हाला द्यावीच लागते. ते मत यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात जाते. पण तुमच्या नावावर चोरी झाली, याचा तो सरकारी पुरावा आहे.

कुणी प्रतिनिधी बोट दाखवून म्हणाला, "हा तो नव्हेच", तर त्याला दोन रुपये भरावे लागतात. होय, फक्त दोन रुपये! मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. आक्षेप सिद्ध झाला नाही तर तुम्ही मत देता. आणि आक्षेप उगाच घेतलेला असेल तर ते दोन रुपये जप्त. तेव्हा आक्षेप आला की हमरीतुमरीवर येऊ नका. "साहेब, चौकशी करा" एवढेच म्हणा. ज्याचे नाव खरे, त्याला चौकशीची भीती नाही. आपला प्रतिनिधी जर वस्ती ओळखणारा असेल, तर तोतया त्याच्यासमोर उभाच राहणार नाही.

आणि हे तर लाल शाईने लिहून ठेवा. गैरवर्तन करणाऱ्याला केंद्राबाहेर काढायचा अधिकार केंद्राध्यक्षाला आहे. पण हा अधिकार वापरून खऱ्या मतदाराला मत देण्याची संधीच नाकारायची नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. म्हणजे कायदाच म्हणतो, शिस्त मतासाठी आहे. मत शिस्तीसाठी नाही! कुणी शिस्तीच्या नावाखाली तुमची रांगच मोडू लागला, तर हे वाक्य त्याच्यासमोर ठेवा.

संध्याकाळी वेळ संपली की दार बंद होते. पण त्या घटकेला जो रांगेत उभा आहे, त्या प्रत्येकाला मत देता येते. शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या जातात. पाळी सुटून धावत आलात आणि वेळेच्या आत रांगेत शिरलात, तर रात्र झाली तरी हलू नका. "उशीर झाला, जा आता" म्हणणाऱ्याला चिठ्ठी दाखवा.

आपल्या प्रतिनिधींना दोन शब्द

केंद्रात पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्या कामगारा, तू तिथे चहा प्यायला बसलेला नाहीस. सकाळी मतदानाआधी यंत्राची चाचणी होते, कमीत कमी पन्नास मते टाकून. तिला हजर राहा. चाचणीची मते पुसली गेली, हे डोळ्यांनी बघ. मोहोर लागते तिचा क्रमांक टिपून घे. दिवसभर हातातल्या यादीवर खुणा कर. उठून हिंडू नकोस, मतदाराशी कुजबुजू नकोस. संध्याकाळी नोंदलेल्या मतांचा हिशोब, तो सतरा-सी नमुना, त्याची प्रत हातात पडल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस. तो तुझा हक्क आहे. मोजणीच्या दिवशी आकडा जुळतो की नाही, हे त्या कागदावरूनच कळणार. पगाराच्या दिवशी मजुरीचा हिशोब जसा पैन् पै ताडून घेतोस, तसाच हाही घे.

सरकारला आमचा जाब

आम्ही कामगारांना शिस्त सांगितली. आता शिस्त सांगणाऱ्यांना विचारतो.

मतदानाची सुट्टी न देणाऱ्या मालकाला कायद्यात दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत! शेकडो कामगारांचे मत बुडवणाऱ्याला पाचशे रुपये! एवढे तर तो एका जेवणावर उडवतो. हा दंड आहे की परवान्याची फी? केंद्राच्या दारात मते मागणाऱ्याला दंड अडीचशे रुपयांपर्यंत, आणि त्याचा मालक वाटतो ती पाकिटे किती रुपयांची? दंड दरडोई करा. जितक्या कामगारांना सुट्टी नाकारली, तितक्या वेळा दंड घ्या. मग बघा, भोंगा कसा आपोआप बंद राहतो ते.

यंत्रमागावर मजुरी मिळते विणलेल्या कापडावर. कापड नाही तर मजुरी नाही. मग त्या कामगाराची "भरपगारी" सुट्टी म्हणजे काय? मागच्या आठवड्याच्या सरासरीने त्या दिवसाची मजुरी द्या, असा स्पष्ट हुकूम मतदानाआधी प्रत्येक शेडच्या दारावर लावा. दोन-तीन तासांची सवलत देऊन बोळवण करणाऱ्या मालकाने परवानगी कुणाची घेतली, तो कागदही तिथेच लावा.

आणि रांगेत उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला सावली, पाणी, बसायला बाक आणि बायकांना मोरी-संडास मिळाला पाहिजे. ज्या केंद्रावर दोन-दोन तास रांग हलत नाही, तिथे कर्मचारी वाढवा. कामगाराने शिस्त पाळायची आणि सरकारने सोय करायची नाही, हा एकतर्फी करार आम्हाला मान्य नाही!

शेवटचे सांगणे

बंधूंनो, भगिनींनो! साच्यावर एक धागा तुटला की सगळे कापड डागी होते, हे तुमच्याइतके कुणाला कळते? मतदानाच्या दिवशी तुम्ही तो धागा आहात. लवकर उठा. डबा नंतर, चहा नंतर, आधी मत. शेजारच्या म्हातारीला घेऊन निघा. खिशात कागद असू द्या, तोंडात शिवी नको, हातात काठी नको, आणि मनात भीती तर मुळीच नको. चिथावणीला उत्तर देऊ नका. रांग सोडू नका. पडद्यात कुणाला डोकावू देऊ नका. बाहेर आल्यावर कुणी विचारले, "कुणाला दिलंस?" तर हसून सांगा, "ज्याला द्यायचं त्याला!"

रांग सोडायची नाही! पडदा फाडू द्यायचा नाही!

कामगारांच्या शिस्तीचा विजय असो!

जय महाराष्ट्र!